धान्य मागितलं, गोष्ट मिळाली: शेक्सपिअरच्या काळातली नाटकं आणि भूक

कोपऱ्यातला_प्रेक्षक

जेवण झाल्यावर लिहितोय हे आधीच कबूल करतो. गेले दोन महिने रोज रात्री थोडी थोडी त्या काळातली इंग्रजी नाटकं वाचतोय, साधारण १५९० ते १६१५ मधली, आणि सुरुवात झाली शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस'पासून, जुन्या रोममधली गोष्ट. कॉलेजात आम्हाला सांगितलेलं की हे नाटक म्हणजे एक गर्विष्ठ सेनापती आणि त्याच्याहून कडक त्याची आई, बस. तेवढंच लिहून पास झालो. आता परत उघडलं तर पहिल्या प्रवेशात सुरुवातीला सेनापती नाही, आई नाही, काठ्यासोटे घेतलेली माणसं आहेत आणि त्यातला एकजण बाकीच्यांना विचारतोय की उपाशी मरण्यापेक्षा असंच मेलेलं बरं, हे ठरलंय ना सगळ्यांचं? सगळे म्हणतात ठरलंय ठरलंय.

या माणसाला नाटकात नाव नाही. 'पहिला नागरिक', एवढंच. पण बोलतो काय! आमचा हडकुळेपणा ही त्यांच्या श्रीमंतीची यादी आहे म्हणतो. त्यांची कोठारं गच्च, आम्ही उपाशी, आणि कायदे होतात ते सावकारांच्या सोयीचे. वर हेही सांगतो की मी बोलतोय ते भाकरीच्या भुकेपोटी, सुडाच्या तहानेने नाही.

मग येतो मेनेनिअस. म्हातारा, गोडबोल्या, लोकांना त्यातल्या त्यात बरा वाटणारा सरदार. तो आधी सांगतो की दुष्काळ देवांनी आणलाय, सरदारांनी नाही, तेव्हा हात उगारू नका, गुडघे टेका. आणि मग गोष्ट सुरू करतो. एकदा सगळे अवयव पोटावर उठले, की आम्ही बघायचं, ऐकायचं, चालायचं आणि हे मधोमध बसून नुसतं गिळतंय. पोट शांतपणे म्हणतं, बाबांनो, अन्न आधी माझ्याकडे येतं हे खरं, पण मी कोठार आहे, रक्तातून तुम्हा सगळ्यांना पोचवतो, पीठ तुम्हाला जातं आणि माझ्याकडे उरतो तो कोंडा. तर सरदार म्हणजे पोट, आणि तुम्ही ते भांडखोर अवयव.

आता गंमत बघा. लोक आले धान्य मागायला, त्यांना मिळाली गोष्ट, आणि गोष्टीत जेवलंय कोण तर पोट! उपाशी माणसापुढे जगातल्या सगळ्या गोष्टींमधून नेमकी हीच काढली. मला वाटतं शेक्सपिअरला हे पक्कं माहीत होतं, कारण तो नागरिक कीर्तन ऐकल्यासारखा ऐकत नाही, मधे मधे तोंड घालतो, बरं मग पोट काय म्हणालं, किती लांबण लावता, आणि शेवटी मेनेनिअस त्याला 'या जमावाचा अंगठा' म्हणून हिणवतो. पायाचा अंगठा, सगळ्यात खालचा आणि तरी सगळ्यात पुढे.

मूळ कथा प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराची, थॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेली. तिथे पहिलं बंड सावकारीवरून होतं, पोटाची गोष्ट त्या बंडात येते आणि धान्यटंचाई नंतरची. शेक्सपिअरने दोन्ही एकत्र कालवून भूक पहिल्या पानावर आणली. का? माझ्या मते उत्तर १६०७ मध्ये आहे. नाटक साधारण १६०८ चं. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्दम्प्टनशर, लेस्टरशर आणि वॉरिकशरमध्ये लोकांनी जमीनदारांची कुंपणं उपटली होती, आणि वॉरिकशर म्हणजे शेक्सपिअरचं स्वतःचं गाव, स्ट्रॅटफर्ड, जिथे आहे तोच भाग.

तर प्रश्न असा की हा माणूस नक्की कुणाच्या बाजूने आहे? ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा, नसेल वाचलं तरी लिहा.

नाटकवेडी

छान सुरुवात. पण मेनेनिअस निदान गोड बोलतो हो, त्याच्या मागोमाग मार्शियस येतो (हाच पुढे कोरिओलेनस होतो) तो तर थेट फासावर लटकवा म्हणतो. लोकांच्या म्हणींची चेष्टा करतो तो भाग मला फार आवडतो, म्हणजे चीड येते म्हणून आवडतो. की म्हणे हे लोक उसासे टाकत म्हणी सांगत होते, भूक दगडी भिंती फोडते, कुत्र्यालाही खायला लागतं, देवाने धान्य फक्त श्रीमंतांसाठी नाही पाठवलं. त्याला या म्हणी म्हणजे चिंध्या वाटतात. पण स्टेजवरून त्या मोठ्याने ऐकू तर आल्याच ना? चिडवण्यासाठी का होईना, सेनापतीच्या तोंडून लोकांचाच जाहीरनामा वाचून घेतलाय.

आणि थोड्याच वेळात बातमी येते की व्होल्शियन लोक (रोमचे शेजारी शत्रू) चाल करून येतायत. तेव्हा हाच म्हणतो, व्होल्शियनांकडे धान्य भरपूर आहे, या उंदरांना तिकडे न्या कोठारं कुरतडायला. म्हणजे धान्य द्यायचं नाही, लढाईवर पाठवायचं आणि तिथे लुटून खा. अन्नधान्याचं धोरण एका ओळीत.

चिमूटभर_मीठ

कुणाच्या बाजूने काय विचारताय, साठेबाजाच्या बाजूने!

४ फेब्रुवारी १५९८ ला स्ट्रॅटफर्डमध्ये घरोघरच्या धान्याची मोजणी झाली, त्यात विल्यम शेक्सपिअरच्या नावावर १० क्वार्टर मॉल्ट आहे, म्हणजे ८० बुशेल. एक बुशेल साधारण ३५-३६ लिटर धरा, करा गुणाकार. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, बिअरसाठी. आणि वेळ कुठली तर १५९४ पासून ओळीने पिकं बुडालेली. तेव्हा जव म्हणजे गरिबाची भाकरी होती, गहू परवडत नसला की जवच. ते भिजवून बिअरला लावायचे म्हणून लोकांचा मॉल्टवाल्यांवर राग होता, यांना यांच्याच दारात फाशी द्यावी असं लोक बोलतायत हे त्या वर्षीच्या स्ट्रॅटफर्डच्या एका पत्रात आहे. १६०४ मध्ये याच आपल्या महाकवीने मॉल्टचे पैसे थकवले म्हणून एका औषधवाल्याला कोर्टात खेचलंय. तेव्हा 'पहिला नागरिक' वगैरे ठीक आहे, लेखकाच्या घरी कोठार होतं.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

@चिमूटभर_मीठ, मॉल्टचं येणार हे माहीत होतं, फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं :) पण त्या यादीत त्याच्यापेक्षा जास्त माल असलेले शेजारीही आहेत. गावाचा धंदाच मॉल्टचा होता. नुकतंच १५९७ मध्ये मोठं घर घेतलेलं, घरात बिअर गाळायची पद्धत, त्यातलं बरंचसं घरखर्चाचंही असेल. साठेबाज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चिमूटभर_मीठ

प्रत्येक साठेबाजाचं घरखर्चाचंच असतं.

एक_आणा

वा. दोघांचं चालू द्या. मी पावाबद्दल बोलतो.

इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून एक कायदा होता, पावाची किंमत ठरलेली, वजन बदलतं. म्हणजे एका पेनीचा पाव कायम एका पेनीलाच, पण धान्य महागलं की पाव लहान. आपल्याकडे पाच रुपयाचा बिस्किटपुडा कसा वर्षावर्षाला बारीक होत चाललाय, तसंच, फक्त इथे ते सरकारी नियमाने. त्यामुळे दुष्काळ लोकांना आकड्यात दिसायचा नाही, हातात दिसायचा.

हे डोक्यात ठेवून शेक्सपिअरच्याच 'हेन्री सहावा'चा दुसरा भाग वाचा. जॅक केड बंडाचा पुढारी, तो आश्वासन देतो की माझं राज्य आलं की अर्ध्या पेनीचे सात पाव एका पेनीला मिळतील, बिअरच्या तीन कड्यांच्या मापाला दहा कड्या असतील आणि पातळ बिअर पिणं हा गुन्हा ठरेल. सगळे हे विनोद म्हणून वाचतात. विनोद आहेच. पण पिटात, म्हणजे स्टेजसमोरच्या स्वस्त जागेत, उभा राहणारा माणूस एक पेनी देऊन आत आलाय, म्हणजे एका पावाचे पैसे त्याने नाटकाला घातलेत, तो या वाक्याला कसा हसला असेल याचा विचार करतोय.

नाटकवेडी

@एक_आणा, आणि केडचा शेवट! पाच दिवस रानात लपलेला, पोटात काही नाही, केंटमधल्या एका जमीनदाराच्या बागेत भिंत चढून शिरतो, कशाला तर गवत किंवा थोडा पाला मिळतो का बघायला. बागेचा मालक आयडन तलवारीने मारतो आणि केड मरताना म्हणतो मला तू नाही मारलंस, भुकेने मारलं. दहा कड्यांचं माप देणारा माणूस पाल्यासाठी मरतो. त्यातही भिंत आणि बाग खाजगी मालकीची, हे शेक्सपिअरने मुद्दाम ठेवलंय असं मला वाटतं.

अण्णा_वाचतायत

बऱ्याच दिवसांनी इथे वाचण्यासारखं काही आलं. दोन गोष्टी.

एक, अवयवांचं भांडण आपल्याकडेही आहे, छांदोग्य उपनिषदात. वाणी, डोळे, कान, मन आपापसात भांडतात की श्रेष्ठ कोण, एकेकजण वर्षभर शरीर सोडून जातो, काही अडत नाही, शेवटी प्राण निघायला लागतो तेव्हा सगळे हात जोडतात. लक्षात घ्या, तिथे जिंकतो प्राण, पोट नाही. आणि प्राणाने आपण जाऊन दाखवलं, मेनेनिअसचं पोट कुठे जायला तयार आहे? ते जागेवर बसूनच हिशेब सांगतंय.

दोन, कोठार म्हटल्यावर मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवणारच. बादशहाचं कोठार दुष्काळात लोकांना उघडून दिलं आणि पैसे भरायला विठू महार आला अशी कथा. या इंग्रजांच्या नाटकात कुणी कोठार उघडलं की नाही?

कोपऱ्यातला_प्रेक्षक

अण्णा, प्राणाचा मुद्दा जबरदस्त, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कोठार उघडणारा आहे ना, 'पेरिक्लीस'मध्ये, आणि ते नाटकही त्याच एकदोन वर्षांतलं. टार्सस नावाचं शहर, एके काळी इतकं श्रीमंत की गरिबीला लोक हसायचे, आता दुष्काळ असा की लाडाने वाढवलेल्या लेकरांनाच खायला आया तयार आहेत असं तिथला राज्यपाल क्लिऑन सांगतो. समुद्रात गलबतं दिसतात, त्याला वाटतं शत्रू आला, निघतो पेरिक्लीस, धान्य घेऊन. मागत काहीच नाही, फक्त बंदरात थारा. शहर त्याचा पुतळा उभारतं. पुढे तो आपली मुलगी याच क्लिऑनच्या घरी विश्वासाने ठेवतो आणि क्लिऑनची बायको तिला मारायला माणूस घालते! पुतळा उभारला म्हणजे उपकार फिटले.

त्यातच कोळ्यांचा एक छोटा प्रवेश आहे. एक कोळी विचारतो समुद्रात मासे जगतात कसे, दुसरा म्हणतो जमिनीवर माणसं जगतात तसेच, मोठे लहानांना खातात. मग श्रीमंत कंजूष माणसाला देवमाशाची उपमा देतो, जो चर्च, मनोरा, घंटा सगळ्यासकट अख्खं गाव गिळतो. मत्स्यन्याय शब्दशः.

खमंग_फोडणी

मी जरा वेगळं लिहू का, तुम्ही सगळे कोठारं आणि बंडं घेऊन बसलात, घरातल्या भुकेचं काय? शेक्सपिअरचंच 'टेमिंग ऑफ द श्रू'. लग्न करून बायकोला घरी आणली, दमून भुकेली आलेली, आणि नवरा पेत्रुकिओ ताट आलं की मांस करपलंय म्हणून फेकून देतो. तुझ्या प्रकृतीला बरं नाही म्हणे, तापटपणा वाढतो. झोपू पण देत नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून सांगतो सुद्धा की ससाण्याला शिकवताना उपाशी ठेवतात तशी ठेवलीये, पोट भरलं तर हातावर येणार नाही. नोकर ग्रुमिओ येऊन तिला पदार्थांची नावं सांगून झुलवतो, गाईचा पाय आणू का, बीफ आणि मोहरी आणू का, मोहरी जरा उष्ण पडेल, मग बीफ तेवढं आण म्हणते तर मोहरीशिवाय मिळणार नाही, मग शेवटी नुसती मोहरी आणतो म्हणतो.

याचंच मराठी म्हणजे केळकरांचं 'त्राटिका', एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रंगभूमीवर गाजलेलं. आमच्या आजीच्या तोंडी तो शब्द कायम असायचा, जास्त बोललं की 'आली त्राटिका'. नाव लक्षात राहिलं, उपाशी कोणी ठेवलं ते कोणाच्या लक्षात नाही. मेनेनिअस रोमला जे सांगतो तेच पेत्रुकिओ बायकोला सांगतो, की तुझ्या भल्यासाठीच.

नाटकवेडी

+१ खमंग. हे मूळ धाग्यापेक्षा जास्त लागलं.

एक_आणा

फोडणीताई तुमचं बरोबर आहे पण पेत्रुकिओ स्वतःही जेवत नाही तिच्याबरोबर, तेवढं तरी...

खमंग_फोडणी

हो का. उपोषण करणाऱ्याला कोठाराची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते माहीत असतं हो. तिला माहीत नव्हतं.

चिमूटभर_मीठ

साठेबाजांवर परत येतो, कारण शेक्सपिअरला मी सोडलं तरी त्याच्याच काळातल्या बेन जॉन्सन या नाटककाराने सोडलं नाही (साठेबाजांना). १५९९ च्या 'एव्हरी मॅन आऊट ऑफ हिज ह्युमर'मध्ये सॉर्डिडो नावाचा शेतकरी आहे, हातात कायम पंचांग, आणि पाऊस कधी पडून पीक कधी बुडेल हे बघून खूश होणारा. वरून हुकूम येतो की धान्य बाजारात आणा, हा उलट दडवून ठेवतो. ही काही नाटकातली थाप नाही, टंचाईच्या वर्षात राणीचं सरकार खरंच तसे हुकूम काढायचं, न्यायाधीशांनी कोठारं तपासायची आणि माल बाजारात आणवायचा, ती स्ट्रॅटफर्डची मोजणी त्याच कटकटीतली. तर हवा चांगली पडते, पीक येतं, भाव पडणार म्हणून सॉर्डिडो गळफास घेतो. गावकरी धावत येऊन दोर कापतात, तर हा ओरडतो दोर कापला कशाला, गाठ सोडता आली नसती? दोराचे पैसे! मग गावकऱ्यांना कळतं आपण कुणाला वाचवलं आणि ते स्वतःलाच शिव्या घालतात.

'मॅकबेथ'मधला दारवान आठवतोय का, नरकाच्या दारावर पहिला कोण येतो? पीक भरघोस येणार म्हणून फास घेतलेला शेतकरी. एवढा ओळखीचा विनोद होता हा. आपल्याकडे शेतकरी आणि फास हे शब्द एकत्र आले की हसू येत नाही, तिथे हा माणूस म्हणजे आडत्या जास्त आणि शेतकरी कमी.

अण्णा_वाचतायत

शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत.

वाटेवरचा_ढाबा

उशिरा आलो. मला या सगळ्यात त्याच काळातल्या मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस' नाटकातला विदूषक आवडतो. डॉक्टर फॉस्टस आत्मा विकतो तो ज्ञान आणि सत्तेसाठी, आणि लगेच पुढे त्याचा नोकर वॅग्नर एका बेकार फाटक्या माणसाबद्दल म्हणतो की हा इतका भुकेला आहे की मटणाच्या एका खांद्यासाठी आत्मा सैतानाला देईल, कच्चं असलं तरी. त्यावर तो म्हणतो छे, एवढी किंमत मोजायची तर चांगलं भाजलेलं पाहिजे आणि वर सॉस पाहिजे. तत्त्वज्ञानाचं सगळं ओझं एका ताटात.

आणि मिडल्टनचं 'चेस्ट मेड इन चीपसाइड', १६१३. ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, मांसबंदी. यात धर्म कमी आणि राजकारण जास्त होतं, कारण मासळीचे दिवस सरकारने वाढवले ते कोळी आणि पर्यायाने नौदल जगावं म्हणून, १५६३ मध्ये बुधवारही त्यात घातला होता. तर मांस पकडायला रस्त्यात खबरे उभे, पकडलं की जप्त आणि ज्यांनी आधीच हात ओले केलेत ते टोपलीसकट सुखरूप पुढे. एक बाई टोपली घेऊन येते, वरून मटण दिसतंय, त्यांच्या तोंडाला पाणी. ती त्यांच्याकडून शपथ घेते की मी येईपर्यंत ही टोपली सांभाळाल. बाई गेल्यावर मटणाखाली हात घालतात तर तान्हं बाळ! शपथ घेतलेली, आता पोसा. जप्तीवाल्यांना खाणारं एक तोंड जप्त करायला लावलंय :)

इटलीत यांच्या कितीतरी आधी पाडुआचा रुझांते होता, तो शेतकऱ्यांच्या बोलीत लिहायचा. १५२८ च्या सुमाराच्या दुष्काळात त्याचा मेनेगो नावाचा शेतकरी म्हणतो की मरायचंच तर स्वतःलाच खाऊन मरतो, म्हणजे निदान भरल्या पोटी मरेन. आणि हा संवाद सादर झाला तो शिकारीला आलेल्या बड्या मंडळींसमोर.

नाटकवेडी

मेनेगो वाचून हसले आणि मग नाही हसले.

एक राहिलं. 'सर थॉमस मोर' नावाचं हस्तलिखित नाटक आहे, ब्रिटिश लायब्ररीत, अनेक हातांनी लिहिलेलं, त्यातली तीन पानं शेक्सपिअरच्या हातची मानतात. विषय लंडनमधली १५१७ ची परदेशी लोकांविरुद्धची दंगल. त्या पानांची सुरुवात काय आहे माहितीये? भावफलक! हेरिंग मासा इतक्याला, लोणी अकरा पेन्स पौंड, पीठ नऊ शिलिंग बुशेल. हे परदेशी आले तर हे भाव होतील, त्यांच्या देशातल्यापेक्षा इथे येऊन जास्त खातात, आणि ते पार्सनिपसारखी विचित्र कंदमुळं आणतात त्याने रोग होतात. शेजारच्याच्या ताटात बघून द्वेष करणं तेव्हाही होतं. सेन्सॉर टिल्नीने हस्तलिखितावर शेरा मारलाय की दंगल पूर्ण काढा, दंगलीचं कारणही काढा.

सातबारावाला

सगळं वाचलं, दोन चहा झाले. धागाकर्त्यांनी १६०७ एका ओळीत उरकलं, ते पटलं नाही, कारण कुंपण हाच मुद्दा आहे. नांगराखालची जमीन बंद करून मेंढ्या सोडल्या की एक धनगर पुरतो, जिथे आधी दहा घरं पोट भरायची. मेंढ्या माणसं खाऊ लागल्यात हे वाक्य कुणाचं, तर नाटकवेडी ज्यांचं नाटक सांगतायत त्याच थॉमस मोरचं, १५१६ मधलं. नव्वद वर्षांनी तेच चालू होतं.

८ जून १६०७, नॉर्दम्प्टनशरमधलं न्यूटन. कुंपणं उपटायला जमलेल्या लोकांवर चाल करायला तिथलं शिबंदी दल नाखूश होतं म्हणून जमीनदारांनी घरचे नोकरचाकर हत्यारं देऊन आणले. चाळीस-पन्नास माणसं मारली. पुढाऱ्यांना फाशी. आता कोरिओलेनसच्या तिसऱ्या अंकात तो म्हणतो ना की कोठारातलं धान्य फुकट वाटायचा सल्ला ज्याने दिला त्याने बंडाला खतपाणी घातलं, हे लोक लढाईला यायला तयार नव्हते, यांनी धान्य कमावलेलंच नाही. ते ऐकताना लंडनच्या प्रेक्षकांना न्यूटन आठवलं नसेल असं मी मानायला तयार नाही. बाजू कुणाची ते मला विचारू नका, ज्याच्याकडे जमीन असते तो दोन्हीकडून बोलतो, मी पण बोलतो.

त्या बंडाचा पुढारी जॉन रेनल्ड्स, त्याला लोक कॅप्टन पाऊच म्हणायचे, कारण कमरेला एक मोठी चामडी पिशवी. लोकांना सांगायचा की या पिशवीत असं काही आहे की कुणीही चालून आलं तरी आपल्याला धक्का लागणार नाही. पकडल्यावर पिशवी उघडली. आत चीजचा एक तुकडा.

चिमूटभर_मीठ

म्हणजे शिदोरी होती त्याची.